थरांचे टायटॅनियम आणि अरबी समुद्राचे पाणी

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या म्हसावदच्या शिवारातील काळी माती ज्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली, त्या खडकात टायटॅनियमचे ऑक्साइड साधारणतः २ ते ३ टक्के असते. त्यामुळे समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरच्या या गावातही, समुद्रात सर्वाधिक टिकणाऱ्या धातूंपैकी एक धातू पायाखालीच आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेल्या लाव्ह्यातील टायटॅनियम मुख्यतः इल्मेनाइट आणि टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या काळ्या, जड खनिजांत बांधलेले असते. खडक झिजला तरी ही खनिजे सहजासहजी विरघळत नाहीत. त्यांचे कण ओढ्या-नाल्यांतून तापीत उतरतात आणि तापीबरोबर सुरतेच्या पुढे अरबी समुद्राला जाऊन मिळतात. कोकणात हा प्रवास फार आखूड असल्याने तेथे खनिजांचे साठे किनाऱ्यावरच दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड, नेवरे, काळबादेवी, मिऱ्या आणि पूर्णगड येथील पुळणींवरची काळी वाळू इल्मेनाइटसाठी भूशास्त्रज्ञांना दीर्घकाळ परिचित असून, गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या भागातील उपसागरांच्या तळाचीही त्यासाठी पाहणी केली आहे.

या धातूचा शोधही अशाच काळ्या वाळूत लागला. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातील विल्यम ग्रेगर या पाद्र्याने १७९१ साली एका ओढ्याच्या वाळूत तो ओळखला आणि जर्मन रसायनशास्त्रज्ञ क्लापरोथ याने १७९५ साली त्याला आजचे नाव दिले. तथापि, खनिजातून शुद्ध धातू वेगळा काढणे इतके अवघड होते की त्याचे व्यापारी उत्पादन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांबले. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल याने बसवलेल्या पद्धतीत खनिजाचे आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड या द्रवात रूपांतर करतात, नंतर मॅग्नेशियमच्या साहाय्याने त्यातील क्लोरीन काढून घेतात आणि स्पंजासारखा सच्छिद्र धातू मिळवतात. समुद्रातील क्लोराइडला दाद न देणारा हा धातू जन्मतो मात्र क्लोराइडच्या वाटेनेच, ही रसायनशास्त्रातील एक गंमत म्हणावी लागेल. भारतात केरळमधील चवरा येथे, अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने, वर्षाला ५०० टन क्षमतेचा स्पंज-प्रकल्प २०११ साली सुरू झाला. रत्नागिरीची वाळू अद्याप त्या मार्गाला लागलेली नाही.

टायटॅनियम समुद्रात टिकतो याचे कारण तो रासायनिक दृष्ट्या आळशी आहे असे नव्हे. वस्तुतः तो अत्यंत क्रियाशील धातू आहे आणि हवेशी किंवा पाण्याशी संबंध येताच त्याच्या पृष्ठभागावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर बसतो. हा थर काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतका जाड असतो, परंतु तो सलग, घट्ट चिकटलेला आणि जवळजवळ अविद्राव्य असतो, शिवाय ओरखडा पडला तरी पाण्याच्या सान्निध्यात क्षणार्धात पुन्हा तयार होतो. स्वतःच्याच ऑक्साइडच्या आवरणाखाली धातू सुरक्षित राहण्याच्या या अवस्थेला निष्क्रियता म्हणतात. स्टेनलेस पोलादही निष्क्रियच असते. पण समुद्राच्या पाण्यात किलोमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार आणि त्यांपैकी सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते, आणि हे क्लोराइड पोलादावरील क्रोमियम-ऑक्साइडचा थर जागोजाग भेदून सुईच्या टोकाएवढे, परंतु खोल जाणारे खड्डे पाडते. टायटॅनियमच्या थराला असे भेदण्यासाठी कित्येक व्होल्टचे विभव लागते, जे समुद्रात निसर्गतः कधीच निर्माण होत नाही. समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या वीजकेंद्रांमध्ये संघनकाच्या नळ्या टायटॅनियमच्या करण्याचा प्रघात १९७० च्या दशकापासून जगभर रूढ झाला, तो याच कारणाने.

हा सारा लौकिक मात्र ओतून, घडवून, लाटून तयार केलेल्या टायटॅनियमचा आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत धातूच्या वस्तू बनवण्याची एक निराळी रीत प्रचारात आली असून तिला त्रिमितीय छपाई, म्हणजे बोलीभाषेतले थ्रीडी प्रिंटिंग, असे म्हणतात. शास्त्रीय भाषेत ती भर घालत जाणारी निर्मिती होय, कारण तिच्यात ठोकळ्यातून नको असलेला धातू कापून टाकण्याऐवजी हवा तेवढाच धातू थरावर थर चढवून वस्तू उभी केली जाते. सर्वांत रूढ प्रकारात आरगॉन वायूने भरलेल्या पेटीत धातूच्या गोलसर कणांच्या भुकटीचा ३० ते ६० मायक्रोमीटर जाडीचा थर पसरतात, लेसरचा किरण संगणकातील आराखड्याप्रमाणे त्यावर फिरून हवा तेवढा भाग वितळवतो, मग मंच किंचित खाली सरकतो आणि त्यावर पुढचा थर पसरला जातो. लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरणारा प्रकार निर्वात पेटीत चालतो आणि त्यात भुकटीचा थर सुमारे ७०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ठेवलेला असतो. तिसऱ्या प्रकारात भुकटीऐवजी तार विद्युत-कमानीने वितळवून, वेल्डिंगच्या धर्तीवर, थर चढवले जातात. टायटॅनियम महाग असल्याने आणि कापण्यास चिवट असल्याने त्याच्या बाबतीत ही रीत विशेष किफायतशीर ठरते. गुंतागुंतीच्या आकाराचे पंपाचे पंखे, झडपा, उष्णता-विनिमयकाचे भाग एका तुकड्यात करता येतात आणि जहाजासाठी लागणारा सुटा भाग गोदामात वर्षानुवर्षे साठवून ठेवण्याची गरजही उरत नाही.

या कामी सर्वाधिक वापर होणारा मिश्रधातू म्हणजे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असलेला टायटॅनियम, ज्याला बाजारात ग्रेड ५ म्हणतात. कृत्रिम खुब्याच्या सांध्यातही तोच वापरतात. त्याच्या अंतर्रचनेत दोन प्रकारचे स्फटिक असतात : ॲल्युमिनियमला जवळ करणारी अल्फा प्रावस्था आणि व्हॅनेडियम सामावून घेणारी बीटा प्रावस्था. सुमारे ९९५ अंश सेल्सियसच्या वर सारा धातू बीटा असतो आणि सावकाश निवताना त्यातून अल्फाच्या पट्ट्या वेगळ्या होतात. छपाईत लेसरने वितळलेल्या धातूचे इवलेसे डबके मात्र सेकंदाला हजारो ते लाखो अंशांच्या वेगाने थंड होते आणि हा वेग सेकंदाला ४१० अंशांहून अधिक असला की अणूंना आपापल्या जागी जाण्यास अवधीच मिळत नाही. परिणामी अल्फा-प्राइम नावाची सुईसारख्या बारीक पात्यांची, अंतर्गत ताणाने भरलेली मार्टेन्साइट प्रावस्था तयार होते. ओतीव आणि छापील धातू यांचे रासायनिक विश्लेषण एकच येते, रचना मात्र वेगळी असते, आणि क्षरणाचा, म्हणजे धातू रासायनिक क्रियेने झिजण्याचा, प्रश्न या रचनेशी निगडित आहे.

शांघाय येथील विद्युतशक्ती विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील एडिथ कोवन विद्यापीठ यांतील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लेसरने छापलेला हा मिश्रधातू आणि नेहमीचा ग्रेड ५ यांची मिठाच्या पाण्यात तुलना केली, तेव्हा छापील धातूचा क्षरणरोध कमी भरला. अल्फा-प्राइमचे आधिक्य आणि बीटाची कमतरता हे त्यांनी त्याचे कारण मानले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात छापील तुकड्याच्या आडव्या आणि उभ्या प्रतलांत फरक आहे का हे पाहिले गेले : ३.५ टक्के मिठाच्या द्रावणात तो नगण्य होता, हायड्रोक्लोरिक आम्लात मात्र उभे प्रतल अधिक दुबळे ठरले. उष्मोपचार, म्हणजे वस्तू ठरावीक तापमानाला ठेवून सावकाश निववणे, हा उपाय सुचणे स्वाभाविक होते. पण २०१७ साली याच परंपरेतील एका प्रयोगात उष्मोपचारानंतर स्फटिक मोठे होऊन क्षरणरोध उलट घटल्याचे दिसले. त्याच वर्षी इलेक्ट्रॉन-झोताने छापलेल्या धातूवरील एका प्रयोगात, शरीरद्रवासारख्या खारट द्रावणात, छापील धातू घडीव धातूपेक्षा सरस निघाला. वरवर पाहता हे निष्कर्ष परस्परांना छेद देतात, परंतु यंत्र, छपाईचा वेग, नंतरचे तापवणे आणि द्रावण हे चारही घटक प्रत्येक ठिकाणी वेगळे असताना एकच उत्तर येण्याची अपेक्षा करणेच मुळात चुकीचे आहे.

शिवाय या फरकांचे परिमाण लक्षात घेतले पाहिजे. निष्क्रिय अवस्थेतील धातूतून वाहणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजून क्षरणाचा वेग काढतात. टायटॅनियमच्या दर चौरस सेंटिमीटरमागे एक मायक्रोॲम्पिअर, म्हणजे ॲम्पिअरचा दशलक्षांश, प्रवाह वर्षभर वाहत राहिला तर सुमारे ९ मायक्रोमीटर धातू नाहीसा होईल. २५ वर्षांत हे प्रमाण पाव मिलिमीटरही होत नाही. प्रत्यक्षात ऑक्साइडचा थर काळाबरोबर दाट होत जातो आणि प्रवाह त्याहून कितीतरी खाली येतो. तेव्हा प्रयोगशाळेत छापील धातू घडीव धातूच्या दुप्पट वेगाने झिजताना दिसला, तरी जहाजाच्या अभियंत्याच्या दृष्टीने दोन्ही वेग शून्याच्याच शेजारचे असतात. अल्फा-प्राइमविषयी जेवढी शाई खर्ची पडली आहे, तेवढा धोका सामान्य तापमानाच्या मोकळ्या समुद्रात त्यापासून नाही, असे स्पष्टपणे म्हणता येते.

खरा धोका दुसरीकडे, वस्तूच्या पृष्ठभागात आणि पोटातील छिद्रांत आहे. छपाईतून निघालेल्या वस्तूच्या अंगावर अर्धवट वितळलेले भुकटीचे कण चिकटलेले असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो पृष्ठभाग नुकत्याच नांगरलेल्या रानातील ढेकळांसारखा दिसतो. आत, दोन थर नीट न सांधल्याने वेड्यावाकड्या फटी राहतात, तर लेसरची शक्ती फार झाली तर वायूचे गोल बुडबुडे अडकून बसतात. गोल बुडबुडा पूर्णपणे धातूच्या आत असेल तर क्षरणाशी त्याचा संबंध येत नाही. पृष्ठभागावर उघडणारी अरुंद फट मात्र घातक ठरू शकते. अशा फटीत पाणी साचून राहते, त्यातील प्राणवायू ऑक्साइडचा थर बनवण्यात संपतो, नवा प्राणवायू आत पोचत नाही, आणि फटीतील पाण्यात क्लोराइड जमा होऊन ते हळूहळू आम्लधर्मी होते. बाहेरच्या समुद्राचा सामू सुमारे ८.१ असताना फटीच्या तळाशी प्रबळ आम्लाची परिस्थिती निर्माण होते, आणि आम्लात तर छापील धातूचे उभे प्रतल अधिक दुबळे ठरते हे वर आलेच आहे. घडीव शुद्ध टायटॅनियमच्या बाबतीत असे फटीतील क्षरण समुद्राच्या पाण्यात सामान्यतः ७० ते ८० अंश सेल्सियसच्या वरच सुरू होते. म्हणून समुद्रजल गोड करण्याचे संयंत्र, गरम क्षारद्रव वाहणारी नळी, तेलविहिरीवरचे झाकण अशा ठिकाणी छापील भाग बसवताना विशेष सावधगिरी हवी. अशा गरम जागांसाठी अल्प प्रमाणात पॅलेडियम मिसळलेले ग्रेड ७ किंवा मोलिब्डेनम आणि निकेल असलेले ग्रेड १२ हे मिश्रधातू पूर्वीपासून वापरात आहेत.

या दोषांवर उपायही सिद्ध झालेले आहेत. वस्तू सुमारे ९२० अंश तापमानात, चहूबाजूंनी आरगॉनचा सुमारे १०० मेगापास्कल दाब देऊन दोन तास ठेवली की आतली बंद छिद्रे मिटतात आणि अल्फा-प्राइम मोडून अल्फा-बीटाची शांत रचना तयार होते. पृष्ठभागावर उघडणाऱ्या फटी मात्र या दाबाने मिटत नाहीत, कारण वायू त्यांच्यात शिरून बसतो. त्यासाठी वरचा थर यंत्रावर कातून किंवा रासायनिक रीतीने विरघळवून काढावाच लागतो. मुंबईच्या पवई येथील आयआयटीत के. पी. करुणाकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली, वेल्डिंगने थर चढवणे आणि त्याच यंत्रावर तो कातणे यांची सांगड घालणारी संकरित पद्धत, जिच्यावरील त्यांचा शोधनिबंध २०१० साली प्रसिद्ध झाला, या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती विकसित झाली पोलादी साच्यांसाठी, पण समुद्रात जाणाऱ्या टायटॅनियमलाही नेमकी हीच शिस्त लागते. 

याखेरीज आणखी एक सूक्ष्म बाब प्राणवायूची आहे. ऑक्साइडच्या रूपाने जो पृष्ठभागाचा रक्षक असतो, तोच प्राणवायू धातूच्या आत मुरला की धातू ठिसूळ करतो. ग्रेड ५ मध्ये तो ०.२० टक्क्यापर्यंत चालतो, अधिक शुद्ध प्रतीत ०.१३ टक्क्यापर्यंतच. न वितळलेली भुकटी चाळून पुन्हा वापरणे हे छपाईच्या अर्थकारणाचे मूळ असले, तरी प्रत्येक फेरीत भुकटी थोडा प्राणवायू शोषून घेते. अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात बी. एफ. ब्राउन यांनी दाखवून दिले होते की समुद्राच्या पाण्यात एरवी अभेद्य वाटणारे काही टायटॅनियम मिश्रधातू, त्यांत आधीच तडा असेल आणि त्यावर ताण असेल तर, झपाट्याने फुटतात. ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे प्रमाण वाढले की हा धोका वाढतो. छपाईतील न सांधलेली फट हा असा आयता तडाच असतो, आणि म्हणून वारंवार वापरलेली भुकटी व सच्छिद्र वस्तू यांची जोडी सर्वांत वाईट मानली पाहिजे.

टायटॅनियम स्वतः वाचतो तेव्हा शेजाऱ्याला मारतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटले की त्यांची विद्युतघटासारखी जोडी बनते आणि त्यांपैकी त्या पाण्यात अधिक क्रियाशील ठरणारा धातू झिजतो; ऑक्साइडच्या थरामुळे टायटॅनियम मात्र तेथे निष्क्रिय बाजूला असतो. छापील टायटॅनियमची मोठी झडप साध्या पोलादाच्या लहान बोल्टांनी बसवली तर बोल्ट काही महिन्यांत निकामी होतील आणि दोष झडपेला दिला जाईल. उलट, जहाजाच्या पोलादी सांगाड्याचे रक्षण करण्यासाठी जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वड्या बसवतात, तेव्हा त्याच सांगाड्याला जोडलेल्या टायटॅनियमवर हायड्रोजन तयार होऊन तो धातूत मुरण्याची आणि ठिसूळ हायड्राइड बनण्याची शक्यता असते, विशेषतः पाणी गरम असेल तर. विद्युतरोधक वॉशर आणि बाही वापरणे हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे, आणि स्वस्त असल्यामुळेच बहुधा तो विसरला जातो.

महाराष्ट्राला या विषयाचे अगत्य असण्याची कारणे किनाऱ्यावर पदोपदी आहेत. १९७४ साली तेल सापडलेले मुंबई हाय हे क्षेत्र मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत खाऱ्या पाण्यात उभे आहे. १९६९ पासून वीज देणारे तारापूरचे अणुवीजकेंद्र समुद्राच्या पाण्यानेच थंड होते. माझगाव गोदीने बांधलेल्या कलवरी वर्गातील सहा पाणबुड्यांपैकी पहिली २०१७ साली आणि सहावी, वागशीर, जानेवारी २०२५ मध्ये नौदलात दाखल झाली. त्यांचे मुख्य कवच पोलादाचे आहे, टायटॅनियमचे नाही. परंतु पंप, झडपा, शीतक यांसारख्या समुद्रजलाशी रोज संबंध येणाऱ्या भागांची गरज अशा प्रत्येक जहाजाला असते. नौदलाच्या सामग्रीवर संशोधन करणारी संरक्षण संशोधन संघटनेची प्रयोगशाळा ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथे आहे. सहा हजार मीटर खोल जाण्यासाठी चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था तयार करीत असलेल्या मत्स्य ६००० या पाणबुडीतील माणसांचा गोल टायटॅनियम मिश्रधातूचा, ८० मिलिमीटर जाडीचा आहे. तो छापलेला नसून इलेक्ट्रॉन-झोताने जोडलेला आहे, तरी वितळून क्षणात गोठलेल्या धातूचे प्रश्न जोडात आणि छपाईत एकाच जातीचे असतात. जगातही समुद्रातील छपाईची गाजलेली उदाहरणे बहुतांशी इतर धातूंची आहेत. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१७ साली तारेच्या थरांतून उभा केलेला जहाजाचा पंखा निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचा होता.

प्रयोगशाळेतील ३.५ टक्के मिठाचे पाणी आणि अरबी समुद्राचे पाणी यांत मोठा फरक आहे. प्रयोगशाळेतील पाण्यात मीठच तेवढे असते. समुद्रात सल्फेट, ब्रोमाइड, मॅग्नेशियम, कॅल्शियम असते, पाणी वर्षभर उबदार राहते, पावसाळ्यात खाडीमुखाशी क्षारता एकदम उतरते, आणि मुख्य म्हणजे त्यात जीवसृष्टी असते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील ए. बी. वाघ आणि एस. एस. सावंत यांनी अरबी समुद्राच्या पाण्यात धातू व मिश्रधातू कसे वागतात यावर १९९० साली शोधनिबंध प्रसिद्ध केला, आणि तांबे व क्युप्रोनिकेल यांचे क्षरण आणि त्यांवर जीव चिकटणे यांचाही या संस्थेत एकत्रित अभ्यास झाला. तांबे विषारी असल्याने त्यावर शिंपले, कालवे, शेवाळ सहजी जमत नाहीत; टायटॅनियम जीवांना काहीच करीत नाही, म्हणून त्यावर ते मनसोक्त वाढतात. चिकटलेल्या प्रत्येक शिंपल्याखाली एक बंदिस्त फट तयार होते. अरबी समुद्राच्या तापमानात ती फट टायटॅनियमला खाणार नाही, परंतु नळीतला प्रवाह आणि उष्णतेची देवाणघेवाण हे शिंपले निश्चित अडवतील, आणि छपाईच्या खडबडीत पृष्ठभागावर चिकटण्यास जागा अधिक. पंपाच्या छापील पंख्याच्या बाबतीत झीज नव्हे, तर चिकटलेल्या जीवांचा हा भार आधी त्रासदायक ठरेल.

एवढ्यावरून निवाडा असा देता येतो की, छिद्रे मिटवलेले, पृष्ठभाग कातलेले आणि प्राणवायूची मर्यादा पाळलेले छापील टायटॅनियम सामान्य तापमानाच्या, मोकळ्या समुद्रात घडीव टायटॅनियमइतकेच विश्वासार्ह आहे. यंत्रातून जसेच्या तसे काढलेले मात्र गरम, बंदिस्त किंवा सतत ताण असलेल्या जागी बसवण्याच्या योग्यतेचे नाही. छापील टायटॅनियमच्या पट्ट्या रत्नागिरी, मुंबई आणि दोनापावल येथील पाण्यात, काही कातलेल्या आणि काही न कातलेल्या, निदान पाच पावसाळे टांगून ठेवणे हे खर्चाचे काम नाही, आणि ते येथील संस्थांनी आताच हाती घ्यावे. तोवर गोदी, वीजकेंद्र किंवा मासेमारी नौकेच्या कारखान्यासाठी असा भाग मागवणाऱ्याने दर विचारण्याआधी त्या खेपेतील भुकटी कितव्यांदा वापरली गेली आणि तिच्यात प्राणवायू किती होता, हे लेखी मागून घ्यावे.